नव्या छोट्या ट्रॅक्टरला कोणती अवजारं घ्यावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅक्टर दारात आला की पहिले आठ दिवस कौतुकात जातात आणि नवव्या दिवसापासून प्रश्न सुरू होतात. खालचे प्रश्न साधारण १५ ते ३० एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरबद्दलचे आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: हा ट्रॅक्टर ताकदीत क्वचित कमी पडतो, कमी पडतो तो वजनात. खालची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात.

ट्रॅक्टरबरोबर पहिलं अवजार कोणतं घ्यावं?

अवजारांची यादी करू नका, कामांची करा. मशागत, तण कापणं, माती-खत हलवणं, फवारणी, वाहतूक यांपैकी कशाला वर्षभरात किती तास पडणार ते वहीत लिहा. ज्या कामाचे तास सर्वांत जास्त, त्याचं अवजार पहिलं. वर्षातून दोन दिवस लागणारं अवजार भाड्यानं आणा. विकत घेतलंत तर उरलेले ३६३ दिवस ते गंजत उभं राहतं आणि त्याच्याभोवतीचं गवत तुम्हालाच काढावं लागतं.

पहिल्या वर्षी दोन अवजारं पुरतात, फार तर तीन. एक हंगाम गेला की यादी बदलते. माझ्या यादीत खड्डे खोदायचं यंत्र अगदी वर होतं, ते मी आजतागायत घेतलेलं नाही. ज्याचा विचारही केला नव्हता ते मागचं सपाटीचं पातं मात्र आठवड्याआड लागतं. ट्रॅक्टरबरोबर चार अवजारांचा 'सेट' देऊ केला तर त्यातलं प्रत्येक अवजार आपल्या ट्रॅक्टरच्या मापाचं आहे का, हे एकेक करून पाहा. सेट विकणाऱ्याच्या सोयीनं बनलेला असतो.

एचपी बघून अवजार निवडलं तर चालत नाही का?

अर्धंच चालतं. बॉनेटवर लिहिलेली एचपी इंजिनाची असते. मागच्या पीटीओपर्यंत, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत, त्यातली साधारण ८० ते ९० टक्के पोचते. माहितीपुस्तकात पीटीओची एचपी वेगळी दिलेली असते, अवजाराच्या पत्रकाशी ती जुळवा.

उरलेलं अर्धं असं की अवजारांच्या दोन जाती आहेत. रोटाव्हेटर, गवत कापायचं यंत्र, फवारणीचा पंप ही फिरणारी, यांना पीटीओची ताकद हवी. नांगर, कल्टिव्हेटर, सबसॉयलर ही ओढायची, यांना चाकांची पकड हवी आणि पकड वजनातून येते. रोटाव्हेटरची पाती चाकांच्याच दिशेनं फिरत असल्यामुळे तो ट्रॅक्टरला उलट पुढेच रेटतो. म्हणून ज्या रानात छोटा ट्रॅक्टर रोटाव्हेटर मजेत चालवतो, त्याच रानात नांगर लावला की चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. इंजिन दमलेलं नसतं, चाकावर पुरेसा भार नसतो.

लिफ्टची क्षमता ७५० किलो लिहिली आहे. मग ६०० किलोचं अवजार उचलेल ना?

आधी विचारा की हे ७५० किलो मोजले कुठे. काही पत्रकांत खालच्या आर्मच्या (अवजार उचलणाऱ्या दांड्यांच्या) टोकाशी मोजलेला आकडा देतात, काहींत टोकापासून ६१० मि.मी. मागे मोजलेला. दुसरा आकडा बराच लहान असतो आणि कामाचाही तोच, कारण अवजाराचा भार आर्मच्या टोकाशी नसतो, त्याच्या मागे असतो.

आणि समजा उचललं, तरी पुढच्या चाकांचं काय? एक हिशेब करून बघू. ट्रॅक्टर ८५० किलोचा, त्यातले ३४० किलो पुढच्या आसावर. दोन्ही आसांतलं अंतर दीड मीटर. मागे ३०० किलोचा रोटाव्हेटर लावला आणि त्याचा भारमध्य मागच्या आसापासून १ मीटर मागे आला. रोटाव्हेटर उचलला की पुढच्या आसावरून ३०० गुणिले १ भागिले १.५, म्हणजे २०० किलो निघून जातात. उरले १४०. स्टिअरिंग ताब्यात राहायचं तर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर हवा असं धरतात. इथे ते १७० किलो होतात, म्हणजे ३० किलो कमी पडले. नाकावर वजनं लावली तर ती आसाच्या पुढे असल्यामुळे लागणारा आकडा थोडा कमी भरतो, पण खाचखळगे धरून ४० किलो लावाच.

हा हिशेब शाळेतल्या सी-सॉचाच आहे. तुमच्या ट्रॅक्टरचे आकडे घालून पाच मिनिटांत होतो, आणि अवजार घ्यायच्या आधी केलात तर फायदा. ट्रॉलीतून उतरवून घेतल्यावर केला तर नुसता मनस्ताप.

म्हणजे वजनं हेसुद्धा 'अवजार' समजायचं?

हो, आणि पहिल्या खरेदीतच. नव्या ट्रॅक्टरवाल्यांना लोखंडाच्या ठोकळ्यांवर खर्च करणं जिवावर येतं, पण त्यांच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. मागच्या चाकांना भार हवा असेल तर टायरमध्ये पाणी भरता येतं: व्हॉल्व्ह सर्वांत वर ठेवून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत भरलं की टायर साधारण ७५ टक्के भरतं. पाणी गोठेल अशी थंडी असेल तर साधं पाणी नको, न गोठणारं द्रावण लागतं. पाणी भरलेलं टायर पंक्चर झालं की काढणाऱ्याचे हाल होतात, तेवढं गृहीत धरा. सारखं लावायचं-काढायचं असेल तर चाकाला बोल्टनं बसणारी गोल वजनं सोयीची.

कुठलंही अवजार कुठल्याही ट्रॅक्टरला बसतं का?

अवजार मागे तीन ठिकाणी जोडतात: खाली दोन आर्मना आणि वर मधल्या दांड्याला, म्हणजे टॉप लिंकला. या तिन्ही जोडण्यांच्या पिनांची मापं ठरलेली आहेत. कॅटेगरी १ मध्ये खालच्या पिना २२ मि.मी. जाडीच्या आणि टॉप लिंकची १९ मि.मी. कॅटेगरी २ मध्ये २८ आणि २५. छोटे ट्रॅक्टर बहुतेक कॅटेगरी १ चे, अगदी लहान असतील तर त्याहून खालचे. पिन बारीक आणि भोक मोठं असेल तर मधे बुश घालून भागतं. पण २८ मि.मी. पिनांचं अवजार मुळात मोठ्या ट्रॅक्टरसाठी घडवलेलं असतं. त्याची जाड पिन तुमच्या आर्मच्या लहान भोकात बुशनं बसत नाही, आणि पिना बदलून बसवलं तरी पेलवेल असं नाही.

पिनेइतकंच दोन आर्ममधलं अंतरही बघा. अरुंद ट्रॅक्टरचे आर्म फाकवून अवजार बसवलं की आर्म टायरला घासतात. त्या काळ्या घासलेल्या खुणा टायरच्या आतल्या बाजूला दिसतात, जुना ट्रॅक्टर बघायला गेलात तर जरूर पाहा.

रोटाव्हेटर किती रुंदीचा घ्यावा?

दोन बाजूंनी बांधलेला प्रश्न आहे. रुंदी मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडेइतकी तरी हवी, नाहीतर एका टायरची दाबलेली पट्टी तशीच मागे राहते. आणि पीटीओची एचपी पुरली पाहिजे. अंदाजे १८-२० एचपीला १ मीटर, २५ एचपीच्या आसपास १.२ मीटर. जड चिकण माती असेल तर एक माप खाली या. एवढं करून टायरची एक पट्टी उरतच असेल तर रोटाव्हेटर एका बाजूला सरकवून बसवता येतो का ते बघा. मग एका अंगाची तरी खूण मिटते, दुसरी पुढच्या फेऱ्यात.

पात्यांचा आकारही निवडायचा असतो. एल आकाराची पाती तण आणि काडीकचरा चिरायला बरी, सगळीकडे चालतात. कडक किंवा ओल्या चिकट रानात सी आकाराची कमी चिकटतात, कमी ताकद खातात. पाती बदलायचे बोल्ट बाहेरून सहज दिसतात आणि पान्याला जागा मिळते ना, हे बघून घ्या. दोन-तीन डझन बोल्ट खोलायचे असतात, तेही आडवं पडून.

आता थोडं कडू. रोटाव्हेटरचं रान दिसायला इतकं सुंदर होतं की माणूस त्याच्या नादी लागतो. दर वेळी एकाच खोलीवर, तेही वाफसा येण्याआधी फिरवत राहिलं तर पात्यांच्या खाली कडक थर बसतो, वर मात्र पिठासारखी भुकटी. पाऊस पडला की त्या भुकटीचीच पापडी होते. तेव्हा हंगामातून मोजक्या पाळ्या, वाफशावर, आणि अधूनमधून फणाच्या अवजारानं खालचा थर फोडायचा.

नांगर घ्यावा का?

एक फाळाचा, आणि तोही गरज असेल तरच. ओढायची ताकद चाकांवरच्या भाराच्या निम्म्याच्या आसपास मिळते, भुसभुशीत रानात आणखी कमी. चारही चाकांना ताकद जात असेल तर फरक जाणवण्याइतका पडतो.

गंमत म्हणजे तीन ठिकाणी अवजार जोडायची ही पद्धत जन्मली तीच हलक्या ट्रॅक्टरसाठी. अभियंते हॅरी फर्ग्युसन यांची ती कल्पना १९३९ साली फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर आली आणि पुढे सगळ्यांनी उचलली. नांगराची ओढ टॉप लिंकमधून उलटी फिरवून मागच्या चाकांवर दाब आणायचा, म्हणजे ट्रॅक्टर मुळात जड करावा लागत नाही. तुमच्या सीटशेजारचा ड्राफ्टचा दांडा हेच काम करतो: ओढ वाढली की नांगर किंचित वर घेतो. नांगर-कल्टिव्हेटरला ड्राफ्ट वापरा, फवारणीच्या टाकीला किंवा गवत कापायच्या यंत्राला पोझिशन, म्हणजे अवजार ठरलेल्या उंचीवर धरून ठेवणारा दांडा. पुष्कळ जण वर्षानुवर्षं एकच दांडा वापरतात आणि ट्रॅक्टरला बोल लावतात.

पीटीओ शाफ्ट अवजाराबरोबरच येतो. त्यात निवडायचं काय?

निवडायचं नाही, कापायचं असतं, आणि इथेच नवी माणसं फसतात. मीही फसलो. नवा शाफ्ट जोडला, बसला, काम सुरू. बांधाशी रोटाव्हेटर उचलला तर कडकन आवाज आला. शाफ्ट लांब होता. अवजार वर येताना आतली आणि बाहेरची नळी पुरती आवळली गेली आणि पुढचा सगळा दाब गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर गेला. दोन आठवड्यांनी तिथूनच तेल गळायला लागलं.

बरोबर रीत अशी. शाफ्टचे दोन तुकडे वेगळे करा. एक ट्रॅक्टरला, एक अवजाराला लावा. लिफ्ट हळूहळू वर-खाली करून दोन टोकं सर्वांत जवळ कुठे येतात ते शोधा, मग इंजिन बंद करून चावी खिशात घाला. त्या स्थितीत दोन्ही नळ्या शेजारी धरून खूण करा. पुरत्या आवळल्यावरही २-३ सें.मी. मोकळी जागा राहिली पाहिजे, आणि सर्वांत लांब ताणल्यावर नळीचा निदान एकतृतीयांश भाग एकात एक हवा. जादा असेल तेवढं धातूच्या दोन्ही नळ्यांतून आणि प्लॅस्टिकच्या दोन्ही आवरणांतून सारखंच कापा. कानस मारा, बुरादा पुसा, ग्रीस लावा.

प्लॅस्टिकचं आवरण तुटलं तर नवं येईपर्यंत काम बंद. छोट्या ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. साडेसात सें.मी. जाडीच्या सांध्यात बाहीचं टोक अडकलं तर सेकंदाला २ मीटर कापड गुंडाळलं जातं. हात काढून घ्यायला वेळच नसतो.

शिअर बोल्ट बरा की स्लिप क्लच?

दोन्ही जादा भार आला की गिअर वाचवतात: शिअर बोल्ट तुटून, स्लिप क्लच घसरून. दगडगोटे कमी असतील तर शिअर बोल्ट. स्वस्त, साधा, तुटला की दुसरा. फक्त 'सारखा तुटतो' म्हणून जास्त ताकदीचा बोल्ट घालू नका, कारण मग बोल्टाऐवजी गिअर तुटतो. माहितीपुस्तकात दिलेल्या ग्रेडचेच पाच-सहा बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा. दगडाळ रानात स्लिप क्लच वेळ वाचवतो, पण पावसाळाभर उभा राहिला की त्याच्या चकत्या गंजून चिकटतात. मग तो घसरतच नाही. हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंग सैल करून एकदा घसरवून घ्यायचा आणि पुन्हा पहिल्या मापाला आवळायचा.

गवत आणि झुडपं कापायला काय घ्यावं?

मोठं वाढलेलं, जाड काडीचं गवत असेल तर आडव्या फिरत्या पात्याचं स्लॅशर. दणकट, कमी देखभालीचं, पण दगड दूर फेकतं. घराजवळ, रस्त्याकडेला, माणसांचा वावर असेल तिथे फ्लेल, म्हणजे लटकत्या पात्यांचा मल्चर. तो बारीक चुरा करतो आणि फेकतो कमी, मात्र तेवढ्याच रुंदीला ताकद जास्त खातो.

स्लॅशरबद्दल एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. त्याचं जड पातं जडचक्रासारखं फिरत राहतं. काही ट्रॅक्टरांत पीटीओ गिअरबॉक्सशी बांधलेला असतो. अशा ट्रॅक्टरवर क्लच दाबला तरी फिरतं पातं उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतं. कुंपण समोर असेल तर तुम्ही कुंपणात. त्यासाठी शाफ्टवर एकेरी फिरणारा ओव्हररनिंग क्लच बसवतात. तुमचा पीटीओ स्वतंत्र क्लचचा आहे का, हे आधी बघा.

पुढचा लोडर घ्यावा का?

मनातला खरा प्रश्न हाच असतो. माती, खत, वाळू, लाकडं वर्षभर हलवायची असतील तर लोडरसारखं सुख नाही, आणि उलटायची सर्वांत जास्त भीतीही त्याचीच. बकेट वर उचलली की ट्रॅक्टरचा भारमध्य वर सरकतो, आणि छोटा ट्रॅक्टर आधीच अरुंद असतो. बकेट गुडघ्याच्या खाली ठेवून चालायचं, वर फक्त ओतताना. मागे वजन टांगल्याशिवाय लोडर चालवायचा नाही. मागे रोटाव्हेटर लावलेला असेल तर तेच वजन.

क्षमतेचा आकडा इथेही फसवतो. बकेट जिथे जोडली तिथल्या पिनेपाशी मोजलेला आकडा मोठा, बकेटच्या मध्याशी मोजलेला लहान. बकेटचं माप भरायच्या मालावरून ठरवा. ०.२ घनमीटरची बकेट ओल्या मातीनं भरली की आत ३४० किलोच्या आसपास माल झाला. तेवढीच सुकलेल्या पालापाचोळ्यानं भरली तर ट्रॅक्टरला पत्ताही लागत नाही. गिअर सारखे पुढे-मागे करावे लागतात म्हणून लोडरचं काम जास्त असेल तर हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनचा, म्हणजे गिअर न बदलता पुढे-मागे जाणारा, ट्रॅक्टर हाताला फार हलका जातो.

लोडर नंतर घ्यायचा विचार असेल तरी ट्रॅक्टर घेतानाच पुढचा आस आणि हायड्रॉलिक पंप त्याला पुरेल का ते विचारून ठेवा.

हायड्रॉलिकची जादा आउटलेट किती हवीत?

ट्रॉली पालथी करायला एकेरी, म्हणजे तेलाच्या दाबानं एकाच दिशेला ढकलणारं, एक पुरतं, कारण ट्रॉली स्वतःच्या वजनानं खाली येते. पलटी नांगर किंवा हायड्रॉलिक टॉप लिंक लावायची तर दुहेरी, म्हणजे दोन्ही दिशांना ढकलणारं, हवं. निदान एक दुहेरी सुरुवातीलाच घ्या, मागाहून बसवणं जिकिरीचं होतं. कपलिंगच्या रबरी टोप्या हरवू देऊ नका. धूळ आत गेली की व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं.

फवारणीची टाकी किती लिटरची?

१ लिटर म्हणजे १ किलो. २०० लिटरची टाकी, पंप आणि सांगाडा धरून २५०-३०० किलो होतात. वर सांगितलेला सी-सॉचा हिशेब इथेही करा, आणि लक्षात ठेवा की टाकी रिकामी होत जाते तसा ट्रॅक्टरचा स्वभावही बदलत जातो.

ट्रॉली किंवा ओंडके कशाला बांधायचे?

फक्त ड्रॉबारला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढायच्या पट्टीला. टॉप लिंकच्या खुंटीला किंवा आसाला साखळी बांधून ओढलं की पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. सावरायला एक-दोन सेकंदही मिळत नाहीत. ट्रॉलीचा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकांच्या बेतात ठेवा. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, म्हणून उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका.

सुरक्षेचा बार (उलटल्यावर वाचवणारी लोखंडी कमान) आणि सीटबेल्ट यांची खरंच गरज आहे?

आहे, आणि दोन्हींची मिळून. बार उभा असेल तर पट्टा लावायचा. झाडांच्या ओळीत शिरताना बार दुमडला असेल तर पट्टा लावायचा नाही, कारण मग उलटणाऱ्या ट्रॅक्टरखाली तुम्ही बांधलेले राहता. झाडांतून बाहेर आलं की बार पुन्हा उभा. उन्हासाठी छत लावता येतं, पण ते बारला पर्याय नाही.

किरकोळ वस्तूंपैकी काय जवळ हवंच?

ग्रीस गन. मग जोडणीच्या पिना आणि लिंच पिनांचा जादा जोड, कारण लिंच पिना गवतात पडतात आणि पडल्या की सापडत नाहीत. एक छोटी दोरी घेऊन पिना आर्मलाच बांधून ठेवा. दीड फुटाची पहार अवजार इकडे-तिकडे सरकवायला लागते. टायरच्या हवेचा गेज कमी दाब नीट दाखवणारा हवा, गाडीच्या गेजवर छोट्या ट्रॅक्टरचा दाब काट्याच्या सुरुवातीलाच कुठेतरी दिसतो.

झटपट जोडणीची चौकट, म्हणजे क्विक हिच, एकट्यानं अवजारं बदलणाऱ्याला मोहात पाडते. अवजार त्यामुळे साधारण १० सें.मी. मागे जातं: शाफ्टची लांबी परत मोजावी लागते, आणि भार मागे सरकल्यामुळे पुढची वजनंही. रोज दोन-तीन अवजारं बदलत असाल तरच घ्या.

अवजार एकट्यानं कसं जोडावं?

सपाट जागेवर, अवजार टेकूवर उभं. सावकाश मागे घ्या, इंजिन बंद करा. आधी डावा आर्म, कारण त्याची उंची बहुधा ठरलेली असते. मग उजवा, त्याच्या हँडलनं उंची जुळवून. शेवटी टॉप लिंक, मग शाफ्ट. बाजूच्या साखळ्या आवळा, अवजार डावी-उजवीकडे एखाद-दोन बोटं हललं तर चालेल. ट्रॅक्टर आणि अवजाराच्या मधे माणूस उभा असताना 'थोडं मागे घे' हे वाक्य कधीही उच्चारू नका.

जुनं अवजार घ्यावं का?

नांगर, कल्टिव्हेटर, सपाटीचं पातं बिनधास्त घ्या, त्यात बिघडण्यासारखं फारसं नसतं. फण घासलेले असतील तर बदलता येतात. फिरणाऱ्या अवजारात मात्र गिअरबॉक्सचा बोल्ट खोलून तेल बघा: दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, चमकी दिसली तर गिअर झिजलेत. रोटाव्हेटरचा रोटर हातानं वर-खाली हलवून बेअरिंगचा खेळ तपासा. ताजा रंग दिला असेल तर वेल्डिंगच्या जागा जास्त वेळ निरखा.

नवीन अवजार पहिल्या दिवशी कसं वापरावं?

निम्म्या खोलीवर, सावकाश. एक तास झाला की थांबा, शाफ्ट पूर्ण थांबू द्या आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळा, पात्यांचे आधी. कोऱ्या रंगावर बसलेले बोल्ट रंग दबला की हमखास सैल पडतात. गिअरबॉक्सला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर तेलाची पातळी बघितल्याशिवाय पुढचा फेरा घेऊ नका.